वर

गणपती पेठेत, दमाणींच्या आडतीवर,
हळदीची पोती मोजणारा एक जुना प्रोग्रॅम आहे.
लिहिला भूपाल चौगुलेनं. तो आता हुबळीला असतो,
फोन उचलत नाही.
त्याच्या खुर्चीत मी, तस्नीम मुजावर,
मिरजेहून रोज सव्वानऊची बस.
कीबोर्डच्या फटींतसुद्धा पिवळी धूळ.

पहिल्या दिवशी कळलं,
यंत्र पत्ता उलटा लिहितं.
आपण म्हणतो, घर नंबर अमुक, मुक्काम पोस्ट हरिपूर,
तालुका मिरज, जिल्हा सांगली,
उंबऱ्यावरून निघून हळूहळू मोठं होत जाणारं.
हे आधी जिल्हा सांगतं,
मग तालुका, मग गाव,
अगदी शेवटी, दमल्यासारखं, दार.

दुसऱ्या दिवशी
डी ड्राइव्ह, उलटी तिरकी रेघ, नोंदी.
रेघेला चिकटून रोमन एन आला
आणि यंत्राला वाटलं, मी म्हणतेय

नवी ओळ.

पत्ता मधेच मोडला,
'ओंदी' नावाचं काहीतरी शोधत बसलं बिचारं.
दोन रेघा दिल्या, तेव्हा समजलं.
काही जणांना एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते,
माझे मामू तसेच आहेत.

दुंडाप्पा हमाल पत्ता सांगतो, "हितनं दोन गाळं मागं,
मग डाव्या अंगाला."
हितनं म्हणजे कुठनं?
तो उभा असेल तिथनं.
प्रोग्रॅमचंही तेच. सकाळी मी चालवला की चालतो,
रात्री आपसूक सुरू झाला की म्हणतो, फाइल नाही.
रात्री तो दुसऱ्याच जागी उभा असतो,
आणि 'हितनं' बदललं हे त्याला
कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून भूपालनं शोधायच्या जागांची यादी ठेवली होती.
आधी इथं बघ.
नाही, तर गोदामाच्या मशीनवर.
तिथं नाही, तर 'वर'.
एवढंच नाव. वर.
ते मशीन कधीचंच बंद. तरी काही हरवलं की
प्रोग्रॅम तिथं जायचा, चार सेकंद
दार वाजवत उभा राहायचा.

मी ती ओळ पुसली.
सगळं तरतरीत झालं.
दमाणींनी स्वतः चहा मागवला.

चहावर दुंडाप्पाला विचारलं, वर काय होतं?
"आवं, पानी पेठेत शिरलं त्या राती
ह्यो डबा म्या खांद्यावनं वर न्हेला की.
पोतं परवडलं, ह्येला वायरीच लई.
खाली माल फुगत हुता
आन् भूपाल वर बसून लिवत हुता,
कुनाची किती पोती, कुनाची किती.
त्येच्यावरच सगळ्यांचा हिशोब फिटला नंतर."

जिन्यात सातव्या पायरीवर
भिंतीला अजून एक आडवी रेघ आहे.
नदीच्या पाण्यानं एवढी पिवळी होत नाही.

तेव्हा आम्हीही शोधत होतो, खणभागातल्या खालाला.
आधी घरी. मग उर्दू शाळेत.
मग अब्बा म्हणाले, सराफाच्या गच्चीवर बघा,
आणि सगळे म्हणाले, तिथं कशाला असेल?
ती तिथं शेव खात बसली होती,
आम्हालाच रागावली, इतका उशीर का.

ओळ परत लिहिली. सगळ्यात शेवटी,
म्हणजे बाकी जागा संपल्यावरच पाय तिकडं वळेल.
चार सेकंदांऐवजी अर्धा.
शेजारी, यंत्र वाचत नाही अशा अक्षरांत: पाणी आलं तर.
जुनं मशीनही पुसून चालू केलं. पंखा घरघरतो.

दमाणी म्हणाले, परत हळू झालं का हो?
म्हटलं, किंचित.

रात्रीचं काम अजून कुठल्या जागेवरून सुरू होतं
ते सापडलेलं नाही.
उद्या बघते.